पावणेतीनच्या बांगड्या

बेबीआत्या,

तुला अंगणातून उचललं तेव्हा चौघांपैकी कोणीतरी म्हणालं, "हलकीच झालीय बाय." वाईट मनाने नव्हे. खांद्यावर वाटलं होतं त्यापेक्षा ओझं कमी आलं, की माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघालं. मागच्या बायकांपैकी एकीने डोळे पुसत पुसत जोड दिली, "शेवटी शेवटी काय छान बारीक झालेली गो." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी ओटीच्या खांबाला टेकून उभी होते. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला स्पष्ट ऐकू येत होतं: "मरताना का होईना, झाले एकदाची." मला हसू येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून मी आत गेले. आत तुझी बाज रिकामी होती. तिथे मात्र हसू आलं नाही.

त्याला आता महिना झाला. मराठीत लिहायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे. शहापूरच्या इंग्रजी शाळेत मी 'माय आंट' असा निबंध लिहिला होता आणि सुट्टीत गावी टोकावड्याला येऊन तुला वाचून दाखवला होता. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलास आणि विचारलंस, "यात मी कुठं आहे?" खरंच नव्हतीस. त्यात एक काइंड अँड हार्डवर्किंग बाई होती. पण आज जे सांगायचंय ते इंग्रजीत सांगता येणार नाही. ज्या शब्दांबद्दल बोलायचंय ते सगळे आपल्या घरातले आहेत.

तू आणि बाबा एका आईची मुलं, आणि एका साच्यातली. तेच रुंद खांदे, तेच जाड मनगट, चालताना तसंच डावीकडे झुकणं. पाठमोरे उभे राहिलात तर लुगडं आणि शर्ट एवढाच काय तो फरक. गावात बाबा आले की ओटीवरचे म्हातारे सरकून जागा करायचे. "दादा म्हणजे भारदस्त माणूस." "खात्यापित्या घरचा दिसतो." "तालुक्याच्या हापिसात असाच माणूस पायजे, नुसता उभा राहिला तरी काम होतं." बाबांचं वजन वाढलं की दादाने अंग धरलं. तुझं वाढलं की बेबी सुटली. धरतो तो पुरुष, सुटते ती बाई. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी फक्त ऐकत असायची. जे मूल बोलत नाही त्याच्यासमोर लोक काहीही बोलतात.

तुला बघायला किन्हवलीकडचे लोक आले होते, तेव्हा मी चौथीत होते. बाबांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "मुलगी जरा हेल्दी आहे." मी दाराआड उभी होते. शाळेत आम्हाला हेल्दी म्हणजे निरोगी असं शिकवलं होतं, त्यामुळे मला वाटलं, बाबा तुझं कौतुक करतायत. पाहुण्यांतली बाई चहा पिता पिता म्हणाली, "हेल्दी म्हणजे थोडीशी असेल असं वाटलेलं." मग तिने नवऱ्या मुलाकडे बघितलं. त्याचं पोट शर्टाच्या बटणांमधून बाहेर डोकावत होतं. त्याच्याबद्दल तिने तासभर सांगितलं होतं, की अंगापिंडाने मजबूत आहे, घरात दूधदुभतं आहे. ते गेल्यावर तू पातेली घासायला बसलीस आणि म्हणालीस, "वैशे, त्याच्या शर्टाचं मधलं बटण आता सुटणार, मग सुटणार, मी तेवढंच बघत होते. चहात साखर घातली का नाय तेच विसरले." आई हसली. मी पण हसले. बाबा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलता शहापूरला गेले. त्यानंतर कोणी बघायला आलं की नाही ते मला आठवत नाही. बहुतेक आलं नाही.

आणि ती खुर्ची. चुलतकाकांकडच्या पूजेला मांडववाल्याने नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. बाबा बसले आणि मागचा पाय फाटकन मोडला. चार जण धावले. बाबांना कोणी काही बोललं नाही, सगळे मांडववाल्यावर तुटून पडले. "काय रे, खुर्च्या आणल्यास का खेळणी? माणसं बसायची का चिमण्या?" त्याच पूजेत तू प्रसाद वाटून वाटून दमलीस आणि एका खुर्चीकडे वळलीस. टेकली पण नव्हतीस. काकू लांबून ओरडली, "बेबे, तू सतरंजीवर बस गो, खुर्च्या मांडववाल्याच्या हायेत!" सगळा मांडव हसला. तुझं हसणं त्यात सगळ्यात मोठं होतं. "सतरंजी तरी कोणाची ते सांग," तू म्हणालीस, "नायतर ती पण फाटायची."

यावरून आपलं भांडण व्हायचं. भांडण म्हणजे मी एकदोन वाक्यं बोलायची आणि गप्प व्हायची. तू स्वतःला का हसतेस, असं मी विचारायची. आतल्या खोलीतल्या भाताच्या कणगीवरून लोकांनी तुझं नाव कणगी पाडलं होतं. बांबूची, शेणाने सारवलेली, माणसाच्या उंचीची ती कणगी. तू स्वतःच दारातून आत येताना म्हणायचीस, "सरका, कणगी आली." मी म्हणायची, तू हे नको म्हणूस. तू म्हणायचीस, "मी पयली बोलले की त्यांचं बोलायचं राहत नाय. तू शिकलेली, तुला शब्द लागतात. मला नाय लागत." मी म्हटलं होतं, "लागतात आत्या. तू सांगत नाहीस एवढंच." यावर तू पाठ फिरवून तांदूळ पाखडायला लागलीस. सूप जरा जोरातच आपटत होतं.

हे भांडण संपलं नाही. ते मला अजून जिंकायचं होतं.

आणि तू काही फार साधी नव्हतीस, हेही लिहिते. मी आठवीत असताना जेवताना दुसरी भाकरी घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तूच आईला म्हणालीस, "वहिनी, नको देऊ तिला. थोराड दिसायला लागलेय. माझ्यावर जाईल." माझा भाऊ शेजारी चौथी भाकरी मोडत होता. त्याच्या ताटात तू स्वतः तूप वाढलंस. मी उठून गेले. ओल्या डोळ्यांनी घरामागच्या परड्यात उभी राहिले, तर तू मागून आलीस. जवळ घेतलं नाहीस. फक्त म्हणालीस, "आता रडशील ते परवडलं. पुढं रडायचं ते लई असतं." तेव्हा मला तुझा राग आला. मला वाटायचं, निदान तू तरी दुसऱ्या बाजूला असायला हवी होतीस. आता वाटतं, तुला त्या शब्दांचा मार किती वर्षं लागला होता ते तू मला एकदाच दाखवलंस, आणि तेही माझ्याच ताटावरून.

आता कावीळ. बाबांना कावीळ झाली ते वर्ष तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, कारण ते तू काढलंस. महिन्याभरात बाबांचे गाल बसले, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडावं लागलं. घरात हाहाकार झाला. "दादा उतरला." "दादा पार खंगला." "तोंडावरचं तेज गेलं." हापिसातले लोक बघून जायचे आणि जिन्यात उभे राहून हळू आवाजात बोलायचे. तू टोकावड्याहून मुरबाडला एसटी बदलून दर तीन दिवसांनी शहापूरला यायचीस, झाडपाल्याचं औषध आणि उसाचा रस घेऊन. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर नाचणीची पेज, गावठी अंडी. बाबांच्या मनगटाला अंगठा आणि बोट लावून तू मापायचीस आणि आईला सांगायचीस, "अजून भरला नाय." सहा महिन्यांनी पट्ट्याचं जुनं भोक पुन्हा लागलं, तेव्हा तू गावात पेढे वाटलेस. भावाचं पोट परत आलं म्हणून पेढे.

म्हणजे आपल्या घराला माहीत होतं. माणूस असा झपाट्याने उतरला की आत काहीतरी झालेलं असतं, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तुला तर सगळ्यांत जास्त.

यंदा पौषात म्हशाच्या जत्रेत आपण दोघी गेलो होतो. बैलबाजारातून वाट काढत, घोंगड्यांच्या दुकानांवरून, तू सरळ त्या मुरबाडच्या कासारणीकडे बांगड्या भरायला गेलीस. दर वर्षी तिच्याकडेच जायचीस, कारण तिने तुला कधी 'कितीच्या देऊ' असं चारचौघांत विचारलं नाही. ती हात हातात घ्यायची, अंगठ्याखाली दाबून बघायची आणि बरोबर माप काढायची. पावणेतीनच्या. बायकांच्या हातात सहसा बसतं त्यापेक्षा मोठं माप. ते ती तुझ्यासाठी खालच्या पेटीत वेगळं ठेवायची, आणि द्यायची ते पण कागदात गुंडाळल्यासारखं, गुपचूप.

जत्रेनंतर तू बारीक व्हायला लागलीस. आणि आत्या, काय शब्द आले तुझ्या वाट्याला! "बेबी सुधारली." "बेबीनं अंग आवरलं." "आता कशी आटोक्यात आली." "रूप उघडलं गो." काकू तर म्हणाली, "आधीच एवढं केलं असतंस तर आज पोरंबाळं असती." पट्ट्याला भोक पडलं तेव्हा बाबा उतरले होते. तुझ्या पोलक्याला दोन्ही बाजूंनी टीप मारली तेव्हा तू सुधारलीस. तू काय करतेस, भात सोडलास का, असं बायका विचारायच्या. तू म्हणायचीस, "काय नाय, भूकच लागत नाय." त्यांना वाटायचं, तू खरं औषध लपवून ठेवतेस.

वैशाखात भावाचं लग्न होतं. आदल्या दिवशी ओटीवर बांगड्या भरायला तीच कासारीण आली. नवरीकडचा चुडा तिकडे, पण आपल्या घरातल्या बायका इकडे रांगेत. तुझी पाळी आली तेव्हा काकूने स्वतः तुझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी तुझ्याशेजारी बसले होते. तिने तुझा हात घेतला, सवयीने खालच्या पेटीतली पावणेतीनची काढली आणि ती बांगडी हातावरून नुसती घसरली, थेट कोपरापर्यंत गेली. ओटी ओरडली. टाळ्या पिटल्या. "अडीचच्या काढ गो मावशे, अडीचच्या!" अडीचच्या भरल्या, तर त्याही मनगटावर गरागरा फिरत होत्या. तू हात वर करून सगळ्यांना दाखवलास. तुला इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी फोटो काढला. आता फ्रेम केलाय तो तोच.

त्या गडबडीत तू तिकडे वळलेली होतीस आणि कासारणीने तुझा दुसरा हात अजून सोडला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "पोरी, हाताला हाड लागतंय. चांगल्या माणसाचं मांस असं निसटत नाय. हिला कुठं तरी दाखवा." मी मान हलवली. तेवढ्यात तू वळलीस. "काय म्हणते गो ती?"

आणि मी म्हटलं, "म्हणते, बारीक झालीस. छान दिसतेस."

हे सांगायला मी हे सगळं लिहायला घेतलं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं, मी आयुष्यभर गप्पच राहत आलेय. पण मी बोलले. तिचा निरोप होता, तो मी बदलून दिला. मला वाटलं, आज नको, आज तू पहिल्यांदा खुर्चीत बसलीयस. कासारणीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या बाईचा हात घेतला. तू ऐकलं होतंस का, हे मला कधीच कळणार नाही. तुझा हात तिच्या हातात होता. तोंड तिकडे असलं तरी कान तर दोन्हीकडे असतात.

त्याच संध्याकाळी चुलीपुढे तू पोटावर मूठ दाबून बसलेली मला दिसलीस. मी विचारलं, "आत्या, दुखतंय का?"

"दुखायला काय, सगळ्यांचंच दुखतं."

"डॉक्टरकडे जाऊया."

"कशाला? गुडघा दुखला, वजन कमी करा. घसा धरला, वजन कमी करा. आता झालंय कमी. शाबासकी घ्यायला जाऊ?" मग तू लाकूड आत सारलंस, आणि हसत नव्हतीस. "वैशे, लोकं पयल्यांदा माझ्याकडं बघून चांगलं बोलतात. चार दिवस घेऊ दे."

मी घेऊ दिले. चार दिवसांचे दोन महिने झाले. आवणीत भाताची रोपं लावताना तू चिखलात खाली बसलीस, तुला दोघांनी धरून उठवावं लागलं. कल्याणच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ सांगितली आणि ती फार आधीची आहे हेही सांगितलं. पुढचे दिवस लिहीत नाही. ते तुझे आहेत.

गेल्या रविवारी आम्ही सगळे टोकावड्याला होतो. काकू आली आणि बाबांना बघून दारातच थांबली. "अरे दादा, किती उतरलास रे! पार खंगलास. उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव." आईने लगेच त्यांच्या भातावर तूप सोडलं. भाऊ म्हणाला, मी सुट्टी घेतो. बाबा वैतागले. "मला काय धाड भरलीय? बेबी एवढी उतरली तेव्हा..."

आणि ते थांबले. तुझ्याबद्दल हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा आला होता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू तिच्याजवळ असायचीस. तुला दिसलं नव्हतं का गं?"

"दिसलं होतं," मी म्हटलं. मग कासारीण काय म्हणाली आणि मी तुला काय सांगितलं, ते सगळं सांगितलं. एका दमात एवढं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. बाबांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला पण दिसलं होतं," ते म्हणाले. "मनात म्हटलं, बरं झालं. आता तरी हिला कोणी हसणार नाय."

सोमवारी मी त्यांना शहापुरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, जुना कागद काढून आकडा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे किती दिवसांत उतरलं?" त्यांनी विचारलं. रक्त तपासायला लिहून दिलं, पोटावर हात दाबून बघितलं, भूक लागते का विचारलं, झोप लागते का विचारलं. बाबा उत्तरं देत होते. मी बाकावर बसून त्या पहिल्या प्रश्नाशीच अडकले होते. किती दिवसांत उतरलं. एवढा साधा प्रश्न, आत्या, आणि तुला तो कोणी विचारला नाही.

उत्तर माझ्याकडे होतं. म्हशाच्या जत्रेपासून वैशाखापर्यंत, पावणेतीनवरून अडीचवर, आणि त्याही सैल.